बोर्डाचा नियम कडक हवा, पण तो एका पानात मावायला हवा



दुकानाच्या बोर्डावरचा व्हिडिओ टाकला की त्याखाली एक तक्रार हमखास येते. "सर, दुकान आमचं, भिंत आमची, बोर्डाचं वीजबिल आम्ही भरतो. मग महापालिकेचा यात काय संबंध?"

व्हिडिओत दहा मिनिटांत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना आत्ताच येऊ दे. बोर्डावर आणि बोर्डाच्या दिव्यांवर नियम हवेत. कडक हवेत. आणि त्यांचा सगळ्यात जास्त फायदा लहान दुकानदाराला आहे. महापालिकांशी माझं भांडण वेगळंच आहे. नियम आहेत, पण दहा बाय बाराच्या गाळ्यात बसणाऱ्या माणसाला ते कुणी सरळ सांगत नाही. नियम समजतो तेव्हा बहुतेक वेळा हातात नोटीस असते.

अर्धा नियम सगळ्यांना माहीत आहे

बॅचमध्ये मी विचारतो, "बोर्डाचा नियम काय?" सगळे एका सुरात सांगतात, "मराठी पाटी." बरोबर आहे. पण त्यातही नेमकं काय, ते बघू.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३६क आलं. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं यातून सुटायची. ती पळवाट या दुरुस्तीने बंद केली. आता तुमच्याकडे एक पोऱ्या असो की पन्नास माणसं, बोर्डावर नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला हवं. दुसऱ्या भाषेत नाव लिहायला मनाई नाही, पण मराठी अक्षरं त्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दारू विकणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची, थोर महिलांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, हेही त्याच दुरुस्तीत आलं.

मुंबईतल्या व्यापाऱ्यांची एक संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, वर २५ हजारांचा दंड केला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत मिळाली. कोर्टाच्या म्हणण्याचा मतितार्थ असा होता की दसरा-दिवाळी तोंडावर आहे, वकिलावर पैसे घालवण्यापेक्षा पाट्या बदला. धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला सल्ला मीही दिला नसता. मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली आणि मुंबईत तपासणी सुरू झाली. दंडाचा हिशेब प्रति कामगार दोन हजार रुपयांपर्यंत जातो. चार माणसं कामाला असतील तर आठ हजार. तेवढ्यात बोर्डावरची अक्षरं बदलून झाली असती.

हा झाला अर्धा नियम. राजकीय पक्षांनी त्यावर आवाज केला, टीव्हीवर चर्चा झाल्या, म्हणून तो घराघरात पोहोचला. उरलेल्या अर्ध्या नियमावर कुणी मोर्चा काढला नाही. म्हणून तो कुणाला माहीत नाही.

दिवा लावला की गणित बदलतं

उरलेला अर्धा नियम आहे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये. कलम २४४ आणि २४५. नवी मुंबई महापालिका असो की पनवेल, दोघींनाही हाच कायदा लागू आहे.

कलम २४४ आहे आकाशचिन्हांबद्दल. शब्द भारी आहे, अर्थ सोपा आहे. इमारतीवर, गच्चीवर खांब किंवा सांगाडा उभा करून लावलेला आणि रस्त्यावरून पाहिलं की मागे आकाश दिसतं असा बोर्ड म्हणजे आकाशचिन्ह. त्याला आयुक्तांची लेखी परवानगी लागते.

कलम २४५ आहे जाहिरातींबद्दल. आणि इथे तुमच्या कामाची गोष्ट आहे. नीट वाचा. ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याचा बोर्ड असेल, तर त्याला परवानगी लागत नाही. दुकानाच्या काचेच्या आत लावलेल्या पाटीलाही लागत नाही. पण ही सूट दोन प्रकारच्या बोर्डांना मिळत नाही. एक, आकाशचिन्ह. दोन, प्रकाशित बोर्ड.

म्हणजे काय? वाशीला सेक्टर ९ मध्ये तुमचं शिलाईचं दुकान आहे. दारावर साधा रंगवलेला बोर्ड लावला. परवानगीचा प्रश्न नाही. तोच बोर्ड त्याच मापाचा, त्याच जागी, फक्त आत एलईडी टाकून ग्लो साइन केलात. सूट संपली. आता लेखी परवानगी हवी.

आता संध्याकाळी सात वाजता तुमच्याच सेक्टरमध्ये एक चक्कर मारा. साधा, बिनदिव्याचा बोर्ड किती दुकानांवर दिसतो? एसीपी शीटवर अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, मागे एलईडी, हेच जिकडेतिकडे. यातल्या किती जणांनी लेखी परवानगी घेतली असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. बोर्ड बनवणारा सांगत नाही, कारण त्याला ऑर्डर हवी असते. गाळ्याचा दलाल सांगत नाही. शेजारचा सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं.

अशी स्थिती असली की काय होतं? सगळेच थोडे थोडे चुकीचे असतात. मग कारवाई कुणावर करायची हे कायद्याने ठरत नाही, ते ठरतं तक्रार कुणी केली, पथक कुठल्या गल्लीत शिरलं आणि कुणाची ओळख किती आहे त्यावर. या खेळात लहान दुकानदार नेहमी हरतो. मोठ्या ब्रँडकडे परवान्यांचं काम बघणारा माणूस असतो. तुमच्याकडे तुम्हीच असता, आणि तुम्ही गल्ला सोडून उठू शकत नाही.

तरीही नियम तुमच्याच बाजूचा का?

एक साधी गोष्ट बघा. एका ओळीत दहा दुकानं आहेत. दहाही बोर्ड तीन फूट उंचीचे. गिऱ्हाईक दहाही नावं वाचू शकतं. मग एकाने पाच फुटी बोर्ड लावला. महिनाभर त्याचं दुकान उठून दिसलं. मग शेजाऱ्याने सहा फुटी लावला, दिवे दुप्पट केले. वर्षभरात दहाही जणांचे बोर्ड सहा फुटी. आता परत कुणीच उठून दिसत नाही. फरक एवढाच की प्रत्येकाचे पन्नास-साठ हजार गेले, वीजबिल वाढलं आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या झाकल्या गेल्या.

मग ही शर्यत जिंकतं कोण? ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसा आहे तो. देशभर शाखा असलेली साखळी अख्खी इमारत दिव्यांनी मढवू शकते. तुम्ही नाही. मापाची आणि प्रकाशाची मर्यादा सगळ्यांना सारखी असेल, तर तुमचा बोर्ड आणि त्यांचा बोर्ड एकाच रेषेत येतो. मग गिऱ्हाईक बघतं माल, बोलणं, भाव. तिथे तुम्ही जिंकू शकता.

म्हणून मी म्हणतो, मर्यादा ही लहान दुकानदाराची ढाल आहे. ती काढून टाका म्हणणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय.

दुसरं कारण जिवाचं आहे. १३ मे २०२४. घाटकोपरला छेडानगरमध्ये वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते होर्डिंग त्याच्या कितीतरी पट मोठं. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळे इथे होर्डिंग पडून पाच जण दगावले. तुम्ही म्हणाल, "सर, आमचा दहा फुटांचा बोर्ड आणि ते होर्डिंग, तुलना कशी?" वजनाची तुलना नाहीच. पण आपण खाडीच्या काठावर राहतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडी फ्रेमचं काय करतो ते तुमच्याच शटरला विचारा. पहिल्या मजल्याच्या उंचीवरून सुटलेली एक एसीपी शीट खालून जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर पडायला पुरेशी आहे. गंजलेला बोल्ट तपासायला महापालिकेच्या नोटिशीची वाट का बघायची?

वरच्या मजल्यावरही माणसं राहतात

नवी मुंबईची रचना लक्षात घ्या. सिडकोने नोड वसवले, सेक्टर आखले, आणि पुष्कळ इमारतींत खाली दुकानं, वर घरं. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, कुठेही जा. तुमचा बोर्ड ज्या उंचीवर संपतो, तिथून कुणाच्या तरी बेडरूमची खिडकी सुरू होते. रात्री साडेअकराला दुकान बंद करून तुम्ही घरी जाता. बोर्ड सकाळपर्यंत चालू. वर सहा महिन्यांचं बाळ झोपवणाऱ्या आईच्या पडद्यावर तुमचं नाव लाल-निळ्या रंगात लुकलुकत असतं. ती तुमची गिऱ्हाईक होईल असं वाटतं?

रात्री अकरा ते सकाळी सहा, सात तास. बोर्ड १०० वॅटचा धरला तर रात्रीला ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट, वर्षाला अडीचशेच्या वर. व्यावसायिक दराने. त्या वेळात रस्त्यावर गिऱ्हाईक किती? शून्य. दुकानात शून्य विक्रीचा माल तुम्ही वर्षभर ठेवता का? मग शून्य विक्रीचा प्रकाश का ठेवता?

आणि आपल्या शहराला माणसांशिवाय दुसरेही रहिवासी आहेत. नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळ जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकावर आदळून काही फ्लेमिंगो मेले, आणि नंतर तो फलक काढावा लागला. पामबीच रोडच्या बाजूला पाणथळ जागांजवळच्या दिव्यांवरूनही पक्षीप्रेमींनी आवाज उठवला होता. याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. लोक अंधार बघायला पैसे देऊन जातात, मित्रांनो. अंधारालाही बाजारभाव आहे.

जग याकडे कसं बघतं? फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या शोकेसचे दिवे साधारणपणे रात्री एकपर्यंत बंद करावे लागतात. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये केलेल्या जाहिरात धोरणाच्या मसुद्यात डिजिटल होर्डिंगच्या प्रकाशाला ३:१ च्या प्रमाणाची मर्यादा घातली आणि रात्री अकरानंतर ती बंद ठेवायची अट टाकली. दिशा स्पष्ट आहे. आज होर्डिंगला लागतंय, उद्या ग्लो साइनला लागेल. उद्याची तयारी आज केलेली बरी.

आता महापालिकांना दोन शब्द

इथवर दुकानदाराचे कान धरले. आता दुसरी बाजू.

नवी मुंबईत नवा माणूस दुकान टाकतो तेव्हा त्याला आधी हेच कळत नाही की जायचं कुठे. दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल ही २०१६ पासून पनवेल महापालिका. उलवे, द्रोणागिरी अजून सिडको. लोकांच्या तोंडी मात्र सगळंच "नवी मुंबई". त्यात मराठी पाटीचा कायदा वेगळा, प्रकाशित बोर्डाची परवानगी वेगळी, आणि बोर्डाचा खांब इमारतीपुढच्या मार्जिनल स्पेसमध्ये आला तर अतिक्रमणाचं प्रकरण वेगळं. राज्य सरकारने २०२२ मध्ये आकाशचिन्हं आणि जाहिरातींसाठी महापालिकांना नियम दिले, पण ते वाचताना डोळ्यांसमोर येते होर्डिंग लावणारी एजन्सी. चप्पल शिवणारा किंवा पोळी-भाजी केंद्र चालवणारी ताई त्यात स्वतःला शोधू शकत नाही.

सोपा नियम कसा असतो त्याचं एक उदाहरण देतो. ब्राझीलमधल्या साव पावलो शहराने २००७ पासून "स्वच्छ शहर" कायदा लागू केला. होर्डिंग सरळ बंद. दुकानाच्या बोर्डाचं माप दुकानाच्या दर्शनी रुंदीवर. रुंदी १० मीटरपेक्षा कमी असेल तर बोर्ड जास्तीत जास्त दीड चौरस मीटर. १० ते १०० मीटर असेल तर चार चौरस मीटर. दीड चौरस मीटर म्हणजे साधारण सोळा चौरस फूट. आपल्याकडचा दहा बाय तीनचा बोर्ड तीस चौरस फुटांचा होतो, म्हणजे त्यांची मर्यादा आपल्या सवयीच्या जवळपास निम्मी आहे. इतकी कडक मर्यादा आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. पण नियम बघा. एक फूटपट्टी घेऊन दुकानदार स्वतः तपासू शकतो. वकील नको, एजंट नको, ओळख नको.

आपल्या महापालिकांनी असंच एक पान काढावं. मराठीत, सोप्या भाषेत. दुकानाची रुंदी इतकी तर बोर्ड इतका. भिंतीपासून इतकाच पुढे. दिवा असेल तर तो लुकलुकणारा नको, आणि अमुक वाजता बंद. फी इतकी. अर्ज इथे. लहान बोर्डासाठी दुकानदाराने फोटो आणि माप देऊन स्वतः घोषणापत्र भरावं, खोटं निघालं तर दंड करा. दुकानाची नोंदणी करतानाच हे पान हातात द्या. माझ्या मते बोर्डांचे निम्मे तंटे तिथेच मिटतील.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. चौकाचौकात वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे फ्लेक्स लटकलेले असताना दुकानदाराच्या बोर्डाला टेप लावून मोजणं लोकांना पटत नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून राज्याचा कायदा आहे. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिलेले आहेत. टेप सगळ्यांना सारखी लावली तरच नियमाला मान राहतो.

या आठवड्यात तुम्ही काय करायचं?

महापालिका पान काढेल तेव्हा काढेल. तोवर आपलं घर आपण नीट करू.

१. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बोर्डाचा फोटो काढा. एक दिवसा, एक रात्री. मराठी नाव आधी दिसतंय का? अक्षरं बाकीच्यांपेक्षा लहान तर नाहीत ना?

२. बोर्डात किंवा बोर्डावर दिवा आहे का? असेल तर तुमच्या विभाग कार्यालयात जाऊन प्रकाशित बोर्डाच्या परवानगीबद्दल विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच जपून ठेवा.

३. नवा बोर्ड करायचा असेल तर आधी परवानगी, मग ॲडव्हान्स. बोर्डवाल्याच्या कोटेशनमध्ये माप, वजन, फ्रेमचा प्रकार आणि किती वॅट हे लिहून घ्या.

४. कंपनीने फुकट दिलेला बोर्ड असेल तर नीट बघा. वर कंपनीचं नाव चार फूट, खाली तुमचं नाव चार इंच. हा तुमच्या धंद्याचा बोर्ड की कंपनीची जाहिरात, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर काय द्याल? आणि तुमचं नाव गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील कसं?

५. टायमर बसवा. काही शे रुपयांचं काम आहे. दुकान बंद झाल्यावर अर्ध्या तासात बोर्ड बंद.

६. दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, फ्रेमचे बोल्ट, वेल्डिंग आणि वायरिंग तपासून घ्या.

७. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि बोर्डाच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला एकदा विचारा, "काका, दिव्याचा त्रास होतो का?" हे विचारणारा दुकानदार मी फार कमी पाहिलाय. ज्याने विचारलं त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी जात नाही.

हे सगळं करायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. बोर्ड हा तुमचा पहिला सेल्समन आहे असं मी नेहमी म्हणतो. मग सेल्समन नेमताना आपण काय बघतो? स्वच्छ बोलणारा, नीटनेटका, आणि शेजाऱ्यांशी न भांडणारा. बोर्डालाही तीच कसोटी लावा.

तुमच्याकडे प्रकाशित बोर्डाची लेखी परवानगी आहे का? घेतली असेल तर किती दिवस लागले, काय कागद मागितले, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. पुढच्याला उपयोग होईल. आणि माझं मत पटलं नसेल तर तेही लिहा, पण लिहायच्या आधी एकदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन स्वतःचा बोर्ड बघून या.